आधी विहिरीत दोर सोडा, मग ग्रामसभेत बोला

दारव्ह्याकडच्या एका ताईनं विचारलं आहे, थोडक्यात प्रश्न असा: "मी २६ वर्षांची आहे, पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाली. शाश्वत विकासात अन् गावाच्या निर्णयात तरुणांना घ्या असं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण आमचे पोट्टे ग्रामसभेत पाय ठेवत नाहीत, अन् पानठेल्यावर मात्र रात्री ११ वाजेपर्यंत गावाचंच बोलणं चालू राहते. सुरुवात कुठून करू?"

ताई, मी हे काम २१ वर्षांपासून करून राहिली. माहेर भंडाऱ्याकडचं, सासर यवतमाळ जिल्ह्यातलं, त्यामुळं धानाचा मुलूखही पाहिला अन् पऱ्हाटीचाही. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण निवडून आल्यावर हा प्रश्न फार कमी जणांना पडतो. उत्तर लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

पोरांना गावाची काळजी नाही असं आधी मनातून काढून टाका. ज्याला काळजी नाही तो रात्री ११ पर्यंत नालीच्या अन् नळाच्या गोष्टी कशाला करेल. ते ग्रामसभेत येत नाहीत कारण आपण गेलो काय अन् नाही गेलो काय, ठराव तोच होतो हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग आठ-दहा जण बसून जे ठरवतात ते गावानं ठरवलं म्हणून रजिस्टरवर चढते. हे पोरांना कुणी समजावून सांगत नाही पण त्यांना ते बरोबर कळते.

५ जूनला झाड लावायचं, रॅली काढायची, शपथ घ्यायची, फोटो काढायचा, हे मी पण खूप वर्षं केलं. त्यानं पोरं जमतात पण थांबत नाहीत, कारण त्यांच्या हातून काहीच ठरत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे अन् खालचं सगळं तिच्याच भोवती आहे: तरुण माणूस कामात तेव्हाच टिकतो जेव्हा त्यानं स्वतः मोजलेल्या आकड्यावरून गावाचा एखादा तरी निर्णय बदलतो, अन् तोही लवकर, एका हंगामाच्या आत.

हे मला शिकवलं एका अभ्यासिकेनं. सासरच्या बाजूच्या एका गावात समाजमंदिरात अभ्यासिका चालते. पहाटे ५ ला रोडवर पळणारे पोलीस भरतीचे पोट्टे अन् दिवसभर एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसणारे, असे मिळून १४ पोरं अन् ३ पोरी. एक दिवस मी जाऊन बसली. विचारलं, पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती कधी लागू झाली? चार जण एकदम बोलले, २४ एप्रिल १९९३. पंचायतींकडं द्यायच्या कामांची यादी, म्हणजे अकरावी अनुसूची, तिच्यात विषय किती? २९. ग्रामपंचायतीला उभं राहायला वय? २१. सगळं तोंडपाठ. मग विचारलं, आपल्या गावाचा यंदाचा विकास आराखडा किती रुपयांचा आहे? कुणीच बोललं नाही. एक पोरगा हळूच म्हणे, "मॅडम, हे पेपरात येत नाही."

त्या पोराचा काय दोष. त्याच जागी सगळ्यांना मोबाईल काढायला लावले. ई-ग्रामस्वराज म्हणून केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २०२० पासून सुरू आहे, राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं निवडत गेलं की गावाचा आराखडा अन् खर्च दिसतो, पासवर्ड-बिसवर्ड काही लागत नाही. अर्धा तास सगळे त्यातच गुंतले. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा कसा येत होता ते समजावलं, २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के बंधित, त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी अन् अर्धा स्वच्छतेसाठीच, उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणं वापरा पण पगारावर नाही. तेव्हा एका पोरीनं विचारलं, पाण्यासाठी एवढा पैसा बांधून ठेवला आहे तर आमच्या वस्तीतला हातपंप बंद काऊन? यादीत त्याची दुरुस्ती झाल्याची नोंद होती. सगळे उठून पाहायला गेले, पंपाला दांडाच नव्हता.

इथं सांभाळा ताई, ही सगळ्यात नाजूक जागा. तापलेली पोरं सरळ भांडायला निघतात, व्हिडिओ काढून स्टेटसला टाकतात, मग सरपंच अन् ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) जे दार लावून घेतात ते पुढची पाच वर्षं उघडत नाही. आम्ही म्हटलं, आधी लेखी विचारू. तीन ओळींचा अर्ज, नोंद अशी आहे, प्रत्यक्षात असं आहे, तपासून कळवावं, अन् पोच घेतली. २००५ चा माहिती अधिकार आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते, पण ते दुसरं पाऊल म्हणून मागं ठेवलं. बारा दिवसांत पंप चालू झाला. छोटीच गोष्ट आहे, पण त्या १७ जणांपैकी ९ जण अजूनही कामात आहेत, दोघांना नोकऱ्या लागल्या तरी सुट्टीत येऊन बसतात.

आता तरुण म्हणजे कोण हे एकदा वहीत लिहून काढा. आपण तरुण म्हटलं की क्रिकेटची टीम अन् गणेश मंडळ डोळ्यासमोर येते. पण गावातल्या १८ ते २९ च्या मतदारांची यादी काढून पाहा, मी अनेक गावांत काढली आहे, त्यात एक मोठा गट निघतो ज्याला कुणीच तरुण म्हणत नाही, तो म्हणजे सुना. लेकी लग्न होऊन जातात, त्यांच्या जागी २०-२२ वर्षांच्या सुना येतात, बारावी झालेल्या, काही ग्रॅज्युएट, अन् गावात पाय ठेवला की त्या अमक्याची बायको होतात, युवा मंडळाच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसते. मी स्वतः अशीच आलेली, म्हणून हे जास्त जाणवते. पोरगा पुण्याला जाणार, बुटीबोरीला कंपनीत लागणार, लेक सासरी जाणार, पण सून इथं पुढची चाळीस वर्षं राहणार आहे. शाश्वत विकासाचं बोलायचं अन् जी इथं टिकून राहणार तिलाच बोलवायचं नाही, हे मला कधीच पटलं नाही.

सुनांची बैठक घ्यायची तर बाजाराच्या दिवशी घ्या, आपल्याकडं बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. दुपारी घ्या, सासूलाही बोलवा, अन् पहिल्या दिवशी गावाच्या विकासाचं काही बोलू नका, पाण्याचं बोला. एका गावात आम्ही एवढंच म्हटलं, तुमच्या घरी नळ किती वेळ येतो अन् १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते आठवडाभर लिहा. एकीनं लिहून आणलं: तिसऱ्या दिवशी ४० मिनिटं नळ, बादलीला दीड मिनिट. म्हणजे २६-२७ बादल्या, साधारण ४०० लिटर, घरात ५ माणसं, ते ३ दिवस पुरवायचं, माणशी रोज २६-२७ लिटर झालं. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. अन् वरच्या वस्तीत तर त्याच्या निम्मंच पाणी चढत होतं, तिथल्या तिघींनी पण वही भरली होती. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते हे नियमातच आहे, तिथं या वह्या वाचल्या गेल्या. एक रुपया खर्च न होता, वरच्या वस्तीला आधी अन् जास्त वेळ पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह फिरवायची वेळ भिंतीवर लिहायची, एवढं ठरलं. ती वही आणणारी मुलगी तेव्हा २३ वर्षांची होती, पुढं पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर गेली.

पोड (कोलाम आदिवासींची वस्ती) अन् तांडे विसरू नका. यवतमाळकडं कोलाम पोडावरचं पोरगं ग्रामपंचायतीच्या गावात येऊन बोलतच नाही, मागं उभं राहते अन् निघून जाते. त्याला गावात बोलवण्यापेक्षा आपण पोडावर जाऊन बसायचं, कितीदा तरी, कामाचं काही न बोलता. अन् जी पोरं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच निघतात अन् उन्हाळ्यात परततात, त्यांची बैठक त्याआधी झाली नाही तर ती यादीतून गेलीच समजा. १८ च्या खालच्यांसाठी बालसभा आहे, आराखडा करताना ती घ्यायचीच असते, पण शाळेत भाषणं करून उरकू नका, पोरांना शौचालयाचं दार, शाळेच्या रस्त्यावरचा नाला असं नेमकं विचारा.

आता विहिरींचं सांगते, कारण माझ्या अनुभवात पोरांना धरून ठेवणारं यासारखं काम नाही. सामान एवढंच: एक दोर, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी, टोकाला वजन, एक वही. गावातल्या ३०-४० विहिरी निवडायच्या, वरच्या अंगाच्या, मधल्या, नाल्याकाठच्या, अन् दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मोटार चालू व्हायच्या आधी पाणी किती खोल आहे ते मोजायचं. आम्ही ३८ विहिरी धरल्या होत्या, ११ जण होते, ऑक्टोबरला सुरू केलं. आकडे शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहिले. दोन-तीन महिन्यांत असं झालं की म्हातारे माणसंच सकाळी भिंतीपाशी येऊन आपल्या विहिरीचा आकडा पाहू लागले, "माही विहीर एवढी उतरली? पुन्हा मोज रे बावा."

त्याच्या जोडीला पावसाचा हिशोब. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, हे एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की पुढचं ते स्वतःच करतात. ८०० हेक्टरचं शिवार, ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७२० कोटी लिटर. अन् २ हजार वस्तीला माणशी ५५ लिटरप्रमाणं वर्षभर प्यायला-वापरायला किती, तर ४ कोटी लिटर. हा हिशोब फळ्यावर मांडला त्या दिवशीची शांतता मला अजून आठवते. एक पोट्टा उठून म्हणे, "मंग मार्चमधी टँकर काऊन येते?" ताई, धोरण या शब्दाची सुरुवात याच प्रश्नातून होते. पाणी वाहून किती जाते, जमीन किती मुरवते, गहू किती पिते, हरभरा किती पिते, संत्रा किती, बोअर किती, हे सगळं मग तेच शोधायला लागतात. अचूक आकडा तालुक्याच्या अन् भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसांकडून तपासून घ्या, पण मोजायचं काम पोरांचंच राहू द्या.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो ते पण सांगते. एप्रिलमध्ये भिंतीवरचे आकडे पाहून पोरांनी ठरवलं की गावात नवीन बोअर बंद, असा ठराव मांडायचा. १ मेच्या ग्रामसभेत मांडला. एका शेतकऱ्यानं उभं राहून विचारलं, "माह्या संत्र्याले पाणी तू देशीन का?" अन् ठराव पडला. पोरं फार खचली, दोन महिने वहीला हात लावला नाही. पण त्या माणसाचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याच्या ३०० झाडांवर त्याच्या घराचं कर्ज होतं. बंदीचा ठराव आणणाऱ्यांपैकी कुणी त्याच्या वावरात जाऊन बसलं नव्हतं, मी पण नव्हती, ती माझी चूक.

मग पावसाळ्यात आम्ही कायदा वाचला. महाराष्ट्रात १९९३ पासून कायद्यात आहे की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर घेता येत नाही. पोरांनी दोराच्या वहीतून दाखवलं की गावाच्या नळाच्या विहिरीभोवतीच्या ६ विहिरी सगळ्यात आधी तळाला जातात. त्या सहाही शेतकऱ्यांच्या घरी ते दोन-दोनदा जाऊन आले. पुढच्या सभेत ठराव आला तो बंदीचा नव्हता: ५०० मीटरच्या आत नवीन खोदकाम नाही, गावानं त्या पट्ट्यातल्या नाल्यावरच्या जुन्या बंधाऱ्याचा गाळ काढून द्यायचा, अन् त्या सहा जणांनी उन्हाळी पीक सोडून हरभऱ्यावर थांबायचं. तो मंजूर झाला, अन् सूचक म्हणून नाव होतं त्याच संत्रावाल्या भाऊचं.

ठराव लिहिण्यावर खूप लक्ष द्या. "गावात जलसंधारणाची कामे घेण्यात यावीत" असा ठराव म्हणजे कागदच, त्यावर कुणालाच काही करावं लागत नाही. कोणत्या गट नंबरात, कोणतं काम, किती रुपयांचं, कोणत्या निधीतून, कोणत्या तारखेच्या आत, अन् देखरेख कुणाची, पाच नावं, एवढं त्यात आलंच पाहिजे. नावांमध्ये दोन सुना अन् दोन पंचविशीच्या आतले पोट्टे असू द्या. सभा संपल्यावर रजिस्टरचा फोटो घ्यायचा, आठवड्यात नक्कल मागायची. पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून मागच्या ठरावाचं काय झालं ते त्या पाच जणांपैकी सगळ्यात लहान माणसानं उभं राहून सांगायचं, ही पद्धत आम्ही पाडली अन् तिचा फार फायदा झाला. १९ वर्षांचं पोरगं दोन मिनिटं बोलते, गाव ऐकते, आई दारातून ऐकते.

वेळ पण पाहा. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची कामं सुरू होतात, अन् नेमकं तेव्हाच आपल्याकडं सोयाबीन निघते, मग कापूस वेचणी. दिवसा कुणी मिळत नाही. म्हणून मोजणी उन्हाळ्यात, चर्चा ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी, अन् २ ऑक्टोबरला कागद तयार असला पाहिजे. पुण्या-नागपूरला गेलेली पोरं पोळ्याला अन् दिवाळीला येतात, त्यांना बैठकीला बोलवाच, पण त्यांच्याकडून भाषण नको, काम घ्या, वहीतले आकडे एक्सेलमध्ये भरणं, अर्ज टाईप करणं, हे ते तिकडं बसून करतात अन् त्यांना ते आवडते.

विदर्भात आपल्याला बाहेर उदाहरण शोधायला जायची गरज नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांनी ऐकलं असते, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा पण पाठ असते, पण तिथला अभ्यास गट फार कमी जणांना माहीत आहे. गावचे देवाजी तोफा अन् कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं ही सवय लावली की आधी अभ्यास गटात बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, प्रश्न विचारायचे, निर्णय तिथं करायचा नाही, निर्णय ग्रामसभेत अन् तोही सर्वांच्या सहमतीनं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं, २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी जंगलाची वस्तू आहे, हे लिहिलेलं असूनही वाहतुकीचा परवाना ग्रामसभेला मिळत नव्हता. गावानं ते धरून ठेवलं, अन् एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथं येऊन वाहतूक पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात दिला. एका छोट्या गोंड गावानं कायद्यातला एक शब्द वाचून पूर्ण देशाची पद्धत हलवली, धोरण म्हणजे काय असं पोरांनी विचारलं की मी हेच सांगते. मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर आहे, तिथं उजाड टेकडीवर सामूहिक हक्क घेऊन रोजगार हमीतून झाडं उभी केली, सीताफळ विकलं, २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. जमलं तर पोरांना गाडी करून घेऊन जा, दहा व्याख्यानांचं काम एका मुक्कामात होते.

अन् प्रत्येक गावात एक कागद असतो तो पोरांना शोधायला लावा. वऱ्हाडात ई-क्लासची, म्हणजे गावच्या चराईची सरकारी जमीन, नागपूर-भंडारा-चांद्याकडं निस्तार पत्रक (गावाच्या वापराच्या हक्कांची नोंद) अन् झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन. गावाला कुठं चराई, कुठं सरपण, कुठं माती घ्यायचा हक्क होता हे त्या जुन्या कागदात लिहिलेलं असते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढून नकाशावर रंगवली की आज तिथं काय आहे ते पाहायला पोरं आपोआप निघतात. अतिक्रमण गरिबाचंही असते अन् मोठ्याचंही, दोन्हींना एकच काठी लावू नका एवढंच सांगते.

माझ्या माहेरी हे तलावावर झालं. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या वर आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले, १९५० नंतर मालगुजारी गेली अन् ते सरकारकडं आले, तेव्हापासून ते सांभाळायचे कुणी हे नीट ठरलंच नाही. आमच्या गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडा-जिवांची नोंद ठेवायची वही) बाहेरच्या एजन्सीनं तयार यादी चिकटवली होती, त्यात आमच्या तलावातला मरळ पण नव्हता. गावातल्या सात पोरा-पोरींनी मासेमारी करणाऱ्या ढिवर बायांसोबत दोन पावसाळे बसून ती वही पुन्हा लिहिली, मरळ, मागूर, शिंगूर, देवधान, शिंगाडा, कोणत्या महिन्यात काय, काय संपलं, कधीपासून संपलं. त्यातून ठरलं की मे महिन्यात तलावात माजलेली बेशरमची झुडपं काढायची अन् तलावाच्या एका कोपऱ्यात विणीच्या काळात जाळं टाकायचं नाही. ही अट मग तलावाच्या ठेक्यातच लिहून घेतली. एका ढिवर आजीनं त्या पोरांना म्हटलं, "आमाले आजवर कोणी इचारलंच नाही बाबू," अन् ती पोरं आजही ते सांगताना थांबतात.

गावाच्या वर कसं जायचं हे पण तुम्ही विचारणारच. एक गाव बोललं तर तालुक्यात ऐकू येत नाही, सात-आठ गावांच्या वह्या एकत्र नेल्या तर येते. गडचिरोलीत कोरचीकडं ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, तेंदूचा व्यवहार स्वतः हातात घेतला. आपल्याकडं तेवढं मोठं लगेच होणार नाही, पण पाच गावांच्या पाण्याच्या वह्या घेऊन पंचायत समितीत जाता येते, जिल्हा वार्षिक योजनेसाठी मागणी देता येते. सरकार नियमांचे मसुदे काढते तेव्हा हरकती-सूचना मागवते, त्या मुदतीत गावातून टपालानं पाच पत्रं गेली तरी फाईलला लागतात. रोजगार हमीची गोष्ट पोरांना जरूर सांगा, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला आधी करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला अन् २००५ मध्ये देशाचा. अन् १९९२ मध्ये रिओत जगातल्या देशांनी शाश्वत विकासाचा जो अजेंडा २१ केला त्यात २५ वं प्रकरण मुलं अन् तरुणांचंच आहे, त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या संसदेनं ७३ वी दुरुस्ती मंजूर केली. शाश्वत विकासाची १७ ध्येयं पंचायतींसाठी ९ विषयांत बसवली आहेत, तुमच्या ट्रेनिंगमध्ये ते सांगितलं असेल. सगळ्या नऊच्या मागं लागू नका, 'जलसमृद्ध गाव' एवढं एक धरा, बाकीचे त्याच्या मागं येतात.

दोन गोष्टींची भीती बाळगा. एक, निवडणूक. तयार झालेला गट दिसला की दोन्ही पार्ट्या त्यावर हात ठेवतात, जेवण, टी-शर्ट, गाडीत पेट्रोल. आमचा एक गट असाच एका निवडणुकीत फुटला तो पुन्हा कधीच बसला नाही. तुम्ही स्वतः सदस्य आहात म्हणून तुम्हाला हे जास्त सांभाळावं लागेल, वही तुमच्या घरी ठेवू नका, शाळेत किंवा अभ्यासिकेत ठेवा. दुसरं, फुकट राबवणं. मजुरी बुडवून येणाऱ्या पोराला गावानं गाडीभाडं अन् जेवण दिलंच पाहिजे, नाहीतर शेवटी ज्यांच्या घरी भागते तेच उरतात अन् पोडावरचं, मजुराचं पोरगं आधी गळते. बसायच्या जागेचं पण पाहा, सदस्य खुर्चीवर अन् पोरं दाराशी उभी असं असेल तर सगळ्यांसाठी सतरंजी टाका.

तुम्ही या महिन्यात एवढंच करा. मतदार यादीतून १८ ते २९ ची नावं काढा, सुनांवर खूण करा, अभ्यासिकेत एकदा जाऊन बसा, अन् ४० मीटर नायलॉन दोर आणा. गाठी पोरांनाच मारू द्या. येत्या १ तारखेला नळाच्या विहिरीपासून सुरुवात करा, पहिला आकडा पडला की मला कळवा, दुसऱ्या महिन्याच्या मोजणीला मी येते.